प्रेसवर सेन्सर बसवायचेत, सुरुवात कुठून करू? (आणि तो वॉशर)

रात्रपाळी · सोमवार, रात्री ११:५०

मंडळी, नमस्कार. प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्सला आहे. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज विचारायची वेळ आली.

गेल्या आठवड्यात सहा स्टेशनच्या प्रोग्रेसिव्ह डायमध्ये (पट्टी दर ठोक्याला एक स्टेशन पुढे सरकते) स्लग वर आला. पंचाने पत्र्यातून कापलेली चकती खाली पडायच्या ऐवजी पंचाला चिकटून वर आली आणि पट्टीवर जाऊन बसली. पुढच्या ठोक्याला तिथे दुप्पट जाडी. मशीनला त्याचं काही सोयरसुतक नाही, ते आपलं चालूच. ऑपरेटरला आवाज फिरल्यासारखा वाटला म्हणून तो उठला, तोवर चौथ्या स्टेशनचा पंच तुटला होता आणि स्ट्रिपर प्लेटला (पट्टी दाबून धरणाऱ्या, पंचावरून सोडवणाऱ्या प्लेटला) खड्डा पडला होता. डाय नऊ दिवस टूलरूममध्ये.

दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली आणि फर्मान निघालं, सगळीकडे सेन्सर बसवा. एक विक्रेता येऊन चाळीस सेन्सरची यादी देऊन गेला, वर एक मोठा स्क्रीन. त्यात प्रेसच्या बॉडीचं तापमानसुद्धा आहे. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणे "डेटा येईल".

आता खरी गोष्ट सांगतो. त्या डायला एक सेन्सर आधीपासून होता. तयार तुकडा च्युटमधून (उतरत्या पन्हाळीतून) बाहेर पडला की नाही ते बघणारी साधी प्रॉक्सी, म्हणजे धातू जवळ आला की चालू होणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर. चौकशीत कव्हर उघडलं तर प्रॉक्सीच्या तोंडावर काळ्या टेपने एक वॉशर चिकटवलेला. म्हणजे सेन्सरला कायम तुकडा दिसतोय. टेप इतकी जुनी होती की तिच्यावर तेलाची साय धरली होती. कोणी लावला ते कोणी बोलत नाही. आणि त्या भागाचा राउंड मीच घेतो, माझ्याही लक्षात आलं नाही.

चाळीस नको, पण मग किती? आणि कुठे?

---

थेट_मुद्दा · मंगळवार, सकाळी ७:१५

वॉशर चिकटवणाऱ्याला आधी घरी बसवा. मग सगळ्या सेन्सरना कव्हर आणि कव्हरला कुलूप. चाळीस सेन्सर लावून त्यावर चाळीस वॉशर बसणार असतील तर खर्च कशाला?

---

जुनाटूलरूम · मंगळवार, सकाळी ९:०५

घरी बसवायची घाई नको. तो वॉशर नसता तरी तुमचा पंच तुटलाच असता. तुकडा बाहेर पडल्याचा सेन्सर शेवटच्या स्टेशनच्या पुढे असतो. स्लग अडकला चौथ्यावर. तुकडा नेहमीसारखा बाहेर पडत राहिला असणार, प्रॉक्सी "ठीक आहे" म्हणत राहिली असती. म्हणजे तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत आणि मीटिंगमध्ये त्यांची एकच गोळी ठरली.

स्लग पकडायचा तर स्ट्रिपरकडे बघायचं. स्ट्रिपर प्लेट दर ठोक्याला पट्टीवर येऊन बसते, आणि सगळं नीट असेल तर दर वेळी त्याच उंचीवर बसते. मध्ये चकती आली की प्लेट त्या बाजूने उचललेली राहते, तिरकी होते. म्हणून खालच्या डायमध्ये समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन सेन्सर घालतात. एकच घातला आणि चकती त्याच्या तिरप्या कोपऱ्यात आली तर तो काहीच बोलत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. साधी प्रॉक्सी चालते, पण सेटिंग फार नाजूक होतं. अंतर मोजून सांगणारा अॅनालॉग सेन्सर घ्या, म्हणजे "बसली की नाही" याऐवजी "किती बसली" कळतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढे मलाच ऐकवाल. स्ट्रिपर खाली बसल्यावर सेन्सरला कळतं. म्हणजे पहिला मार बसलेला असतो. पहिला मार टळत नाही, दुसरा टळतो. पण तुमचा पंच काही पहिल्या माराने तुटला नसेल. ऑपरेटर उठेपर्यंत किती ठोके गेले ते विचारून बघा.

आणि स्लग वर का आला हेही शोधा. पंच बोथट झालाय का, पंच आणि डायमधला क्लिअरन्स जास्त झालाय का, तेल जास्त पडून चकती पंचाच्या तोंडाला चिकटतेय का, पंचातल्या इजेक्टर पिनची स्प्रिंग मेलीय का. ते सोडून नुसता सेन्सर लावला तर मशीन दिवसातून दहादा थांबेल आणि अकराव्यांदा वॉशर येईल.

---

पीएलसीवाली · मंगळवार, सकाळी १०:४०

मला त्या वॉशरमध्ये जास्त रस आहे. हौस म्हणून कोणी प्रॉक्सीवर वॉशर लावत नाही. मशीन विनाकारण थांबत होतं, टार्गेट तर भरायचं होतं, म्हणून लावला. विनाकारण का थांबत होतं ते शोधा.

तीन गोष्टी सांगा. मिनिटाला स्ट्रोक किती, तुकड्याची लांबी किती, आणि पीएलसीचा (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा) स्कॅन टाइम, म्हणजे तो किती वेळाने एकदा इनपुट बघतो, किती? प्रॉक्सी साध्या इनपुटला जोडली आहे का?

---

रात्रपाळी · मंगळवार, दुपारी २:३०

@जुनाटूलरूम, विचारलं. अंदाजे ऐंशी ठोके. तुमचं पटलं.

@पीएलसीवाली, मिनिटाला ६०. तुकडा २० मिलिमीटर लांब. डायपासून च्युट साधारण ३० सेंटिमीटर खाली उतरते, प्रॉक्सी तळाशी. स्कॅन आत्ताच लॅपटॉप लावून बघितला, १४ मिलिसेकंद. हो, साधा इनपुट.

---

पीएलसीवाली · मंगळवार, दुपारी ३:१०

सापडलं.

३० सेंटिमीटर खाली आलेली वस्तू सेकंदाला जवळपास २.४ मीटर वेगाने जाते. च्युटच्या घर्षणाने थोडा कमी धरा. २० मिलिमीटरचा तुकडा प्रॉक्सीसमोरून ८-१० मिलिसेकंदांत निघून जातो. तुमचा पीएलसी दर १४ मिलिसेकंदांनी डोळा उघडतो. कधी तुकडा दिसतो, कधी नाही. त्यात इनपुट मॉड्यूलचा स्वतःचा फिल्टर असतो, तो काही मिलिसेकंद खातो. मशीन "तुकडा अडकला" म्हणून थांबत होतं आणि ऑपरेटर वाकून बघत होता तर तुकडा डब्यात. शिफ्टमध्ये पाच-सहा वेळा असं झालं की कोणीही टेप शोधेल. मीही शोधला असता.

सेन्सर चांगला आहे. जोडणी चुकली आहे. उपाय दोन. एक तर प्रॉक्सी वेगवान इनपुटला घ्या, म्हणजे सिग्नल आल्याचं तिथेच लॅच होईल (नोंदून धरलं जाईल) आणि प्रोग्रॅम सावकाश बघेल. नाहीतर सिग्नल लांबवणारा सेन्सर घ्या. तो ८ मिलिसेकंद बघतो आणि ५० मिलिसेकंद "दिसला" म्हणून ओरडतो. तुमचा स्ट्रोक पूर्ण एक सेकंदाचा आहे, ५० चालून जातील.

आता वॉशरबद्दल. प्रोग्रॅममध्ये फक्त "सेन्सर चालू आहे का" एवढंच तपासू नका. दर ठोक्याला तो एकदा बंद आणि एकदा चालू व्हायलाच हवा, आणि तेही क्रँकच्या ठराविक अंशांत. उदाहरणार्थ, टॉप ० आणि बॉटम १८० धरलं तर तुकडा २०० ते ३०० अंशांच्या मध्ये दिसला पाहिजे आणि १००च्या आसपास दिसता कामा नये. नेमके आकडे तुमच्या डायवर हळूहळू चालवून ठरवा. मग वॉशर चिकटवला की पुढच्याच ठोक्याला मशीन थांबेल. प्रॉक्सी जळून कायम चालू राहिली तरी थांबेल, तुकडा तोंडाशी अडकून बसला तरी थांबेल. कुलपाची गरज नाही.

---

थेट_मुद्दा · मंगळवार, संध्याकाळी ६:००

बरं, मान्य. वेग कमी पडला, माणूस नाही. पण एक विचारतो. सेन्सरने सांगितलं की प्रेस थांबते ना? मग पट्टी पूर्ण पुढे आली नाही हे कळल्यावर ठोका बसायच्या आत थांबायला काय हरकत आहे? पहिला मारसुद्धा टळायला हवा.

---

वायरमन · मंगळवार, रात्री ९:२०

थांबते, पण जागच्या जागी नाही. ६० स्ट्रोकला एक सेकंदात ३६० अंश. क्लच सुटून ब्रेक धरायला २०० मिलिसेकंद लागले तर तेवढ्यात, वेग तसाच धरला तर, ७२ अंश गेले. ब्रेक धरायला लागला की वेग उतरतो, म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी. १२० स्ट्रोकला तेच १४४ अंश. पट्टी चुकल्याचं १५० अंशाला कळून काय उपयोग, १८०ला तर मार आहे.

म्हणून फीडचा सेन्सर लवकर विचारायचा. डायच्या बाहेर पडणाऱ्या टोकाला पट्टीची कडा येऊन टेकली की चालू, आणि हा "चालू" पट्टी नेमक्या जागी आणणाऱ्या पायलट पिना भोकांत शिरायच्या बऱ्याच आधी मिळाला पाहिजे. नाही मिळाला की लगेच थांबा. असं केलं तर चुकीच्या फीडचा पहिला मारही टळतो. स्लगचा नाही टळत, जुनाटूलरूम म्हणाले तसं. वेग वाढवला की हे गणित पुन्हा करायचं. लोक स्ट्रोक वाढवतात आणि सेटिंग जुनंच ठेवतात.

जाता जाता दुसरं. डाय वाचवणारा सेन्सर आणि हात वाचवणारा सेन्सर यांची सरमिसळ करू नका. लाइट कर्टनचा (हात आत गेला की मशीन थांबवणाऱ्या प्रकाशाच्या पडद्याचा) सिग्नल तुकडे मोजायला वापरलेला मी बघितलाय, आणि साध्या प्रॉक्सीवर गार्डचा इंटरलॉक (गार्ड उघडलं की मशीन थांबवणारी सोय) केलेलाही. दोन्ही चूक. कर्टन किती लांब लावायचा त्याचा हिशेब आयएसओ १३८५५ या मानकात आहे. हाताचा वेग सेकंदाला २००० मिलिमीटर धरायचा, त्याला थांबण्याच्या एकूण वेळेने गुणायचं, वर कर्टनच्या बारकाव्यानुसार (किती बारीक वस्तू त्याला दिसते त्यानुसार) अंतर मिळवायचं. बारकावा १४ मिलिमीटर असेल तर ते जादा अंतर शून्य. एकूण ०.२ सेकंद लागत असतील तर ४०० मिलिमीटर. ब्रेक झिजून ०.२५ झाले की ५००. कर्टन मात्र भिंतीला खिळल्यासारखा जुन्याच जागी. थांबायचा वेळ मोजत राहा, एवढंच सांगायचंय.

---

हलकाधातू · बुधवार, सकाळी ८:३०

मध्येच घुसतो, माफ करा. आमच्याकडे तीच डाय स्टीलला चालते आणि अॅल्युमिनियमचा पत्रा लावला की प्रॉक्सी आंधळी. सेन्सर खराब म्हणून दोनदा बदलला.

---

वायरमन · बुधवार, सकाळी ८:५०

दोन्ही वेळा चांगला सेन्सर फेकलात. प्रॉक्सीच्या डब्यावर लिहिलेलं अंतर साध्या स्टीलसाठी असतं. स्टेनलेसला सुमारे ०.७ने गुणा, पितळ आणि अॅल्युमिनियमला ०.४च्या आसपास, तांब्याला त्याहून कमी. एम१८ची (१८ मिलिमीटर जाडीची) ५ मिलिमीटरवाली प्रॉक्सी अॅल्युमिनियमला २ मिलिमीटरवरून बघते. तेही तापमान आणि सप्लाय यांच्या चढउताराची सूट धरली तर १.६वर भरवसा ठेवा. तुम्ही ३वर लावली असणार.

सगळ्या धातूंना एकाच अंतरावरून बघणारे सेन्सर मिळतात, "फॅक्टर वन" म्हणून मागा. नाहीतर तोंड जवळ न्या, पण मग पत्रा उडून धडकणार नाही ते बघा.

---

हलकाधातू · बुधवार, सकाळी ९:१०

३.२ होतं. 🙏

---

ठिणगी · बुधवार, दुपारी १:१५

प्रेसवाल्यांचं चालू द्या, पण विषय पत्र्याच्या सगळ्या कामाचा असेल तर वेल्डिंगचंही ऐका. आमच्याकडे सेन्सर मरतात ते म्हातारे होऊन नाही, भाजून.

रेझिस्टन्स वेल्डिंगला हजारो अँपिअर जातात. शेजारची साधी प्रॉक्सी त्या चुंबकीय क्षेत्रात आपोआप चालू-बंद होते आणि फिक्स्चरमध्ये जॉब नसताना "आहे" म्हणते. वेल्ड-फील्ड चालणारा सेन्सर मागा. आणि स्पॅटर, म्हणजे उडणारे वितळलेल्या धातूचे थेंब. मिग वेल्डिंगचा स्पॅटर तोंडावर साचत गेला की सेन्सरला तोच जॉब वाटायला लागतो. पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) कोटिंग असलेलं तोंड घ्या, त्यावर थेंब टिकत नाहीत. आमच्या एका हेल्परने रोज सकाळी मन लावून वायर ब्रशने तोंडं घासली. दोन आठवड्यांत कोटिंगवर ओरखडे, मग स्पॅटर त्या ओरखड्यांतच जाऊन घट्ट बसला. लाकडाची किंवा पितळेची पट्टी घेऊन हलकेच ढकलायचा, बस्स.

सगळ्यात आवडता उपाय सांगतो. प्रोजेक्शन वेल्डिंगच्या नटसाठी (खालचे उंचवटे, म्हणजे प्रोजेक्शन, वितळून पत्र्याला चिकटतो तो) आम्ही नट बघणारा सेन्सर काढूनच टाकला. नट आहे का, सुलटा आहे का, दोन तर नाहीत ना, हे सगळं इलेक्ट्रोड किती खाली आला त्यावरून कळतं. वरच्या सिलिंडरला अंतर मोजणारा सेन्सर. नट नसला की इलेक्ट्रोड जास्त खाली जातो, दोन असले की वरच राहतो. नट उलटा पडला तर प्रोजेक्शन पत्र्याकडे राहत नाहीत, उंचीत थोडा फरक येतो आणि तो सापडतो. करंट सोडायच्या आधी ही उंची बघायची, मापात नसेल तर करंटच नाही. वाईट जॉब पुढे जात नाही कारण तो बनतच नाही.

गॅसचंही एक. शिल्डिंग गॅसचा फ्लो रेग्युलेटरवर बघून काही कळत नाही. तिथे १५ लिटर दिसतो आणि मधल्या होजला चीर. फ्लो सेन्सर टॉर्चच्या जवळ लावा. नाहीतर छिद्रं पडलेलं वेल्ड ग्राइंडरवाल्याला सापडतं, तोवर दोनशे जॉब झालेले असतात.

---

बेअरिंगबुवा · बुधवार, रात्री १०:००

चाळीसच्या यादीत कंपनाचे सेन्सर किती आहेत? माझा अंदाज, पंधरा. आणि त्यातले दहा प्रेसच्या फ्रेमवर.

कंपनाचा माझा धंदा आहे, तरी सांगतो, मेकॅनिकल प्रेसच्या क्रँकवर ते लावून फारसं हाती लागत नाही. दर सेकंदाला मार बसतो, फाउंडेशन हादरतं, बेअरिंगची कुजबुज त्या गोंगाटात बुडते. शिवाय क्रँक सावकाश फिरतो. जिथे एकाच वेगाने अखंड फिरतंय तिथे लावा. हायड्रॉलिक पंप, मोटर, धूळ ओढणारा ब्लोअर. १४४० फेऱ्यांची मोटर म्हणजे सेकंदाला २४ फेऱ्या. बेअरिंगमध्ये ८ गोळ्या असतील तर बाहेरच्या रिंगवरचा डाग साधारण ७७ हर्ट्झला बोलतो, २४ गुणिले ८ गुणिले ०.४. त्या जागी शिखर वाढत गेलेलं महिनाभर आधी दिसू शकतं. नुसतं एकूण कंपन बघणाऱ्या सेन्सरला ते फार उशिरा कळतं.

मग प्रेसच्या क्रँकचं काय? वंगण बघा. बहुतेक प्रेसना ग्रीस-तेलाचा प्रोग्रेसिव्ह डिस्ट्रिब्युटर असतो. त्यात पिस्टन एकामागून एक सरकतात, एक तोंड तुंबलं की पुढचे सगळे अडतात. हा त्याचा दोष वाटतो, पण त्याच दोषाचा फायदा आहे. एका पिस्टनच्या पिनवर एक छोटी प्रॉक्सी लावली की सगळ्या बेअरिंगांवर नजर राहते. ठरलेल्या वेळात पिन पुढे-मागे झाली नाही तर वंगण अडलंय, मशीन थांबवा. हे तुमच्या यादीत आहे का बघा. नसणार. स्क्रीनवर त्याचा आलेख छान दिसत नाही ना.

तापमान लावायचंच तर फ्रेमवर नको, क्रँकच्या बुशवर लावा.

---

रात्रपाळी · बुधवार, रात्री ११:३०

नाही आहे. कंपनाचे १४ आहेत. 😐

---

कोनमापक · गुरुवार, सकाळी ११:२०

प्रेस ब्रेकवाल्यांनी (पत्रा वाकवणाऱ्या मशीनवाल्यांनी) हात वर केला नाही म्हणून मी करतो. बेंडिंगमध्ये मशीन बंद पडण्यापेक्षा कोन चुकून रिजेक्शन जास्त. १६ मिलिमीटर रुंद व्ही आकाराच्या डायमध्ये ९० अंशाला पंच ०.१ मिलिमीटर जास्त उतरला की कोन सुमारे ०.७ अंशाने हलतो. ८च्या व्हीमध्ये १.४. एकाच गठ्ठ्यातल्या पत्र्याच्या जाडीत एवढा फरक सहज असतो. मशीन कितीही अचूक असो, पत्रा बदलला की कोन बदलतो, स्प्रिंगबॅक (दाब काढल्यावर पत्रा थोडा परत उघडतो तो) वेगळाच. म्हणून वाकवताना लेसरने कोन बघून पंच दुरुस्त करणारी सिस्टम. महाग आहे, पण आमच्याकडे तिने पहिला जॉब वाया घालवणं बंद केलं. लेसर चमकदार पत्र्यावर फसतो, एवढं लक्षात ठेवा. संरक्षक फिल्म लावलेल्या पत्र्यावरही.

लेसर कटिंगच्या हेडबद्दल कोणी लिहील असं वाटलं होतं. नोझल आणि पत्रा मिळून कपॅसिटर होतो आणि त्यावरून हेड मिलिमीटरभर अंतर राखतं, एवढं लिहून थांबतो. कापलेला तुकडा उभा राहून हेडला धडकतो तेव्हा हा सेन्सर वाचवत नाही. वाचवतात ते प्रोग्रॅममधले मायक्रो-जॉइंट, म्हणजे तुकडा पत्र्याला धरून ठेवणारे न कापलेले बारीक जोड.

---

वाचनमात्र · गुरुवार, दुपारी ४:००

मी या धंद्यातली नाही, क्वालिटीचा कोर्स करतेय. वॉशरवरून आठवलं. चूक होऊच न देणाऱ्या युक्त्यांना पोका-योके म्हणतात. शिगेओ शिंगो यांनी १९६१ साली यामादा इलेक्ट्रिकमध्ये केलेलं पहिलं उदाहरण तर सेन्सरशिवायचं आहे. एका स्विचमध्ये दोन स्प्रिंगा घालायच्या असत, कामगार कधी एखादी विसरत. आधी दोन्ही स्प्रिंगा बशीत काढायच्या, मग जोडणी. बशीत स्प्रिंग उरली की विसरल्याचं कळतं.

सुरुवातीला ते याला बाका-योके म्हणत, म्हणजे मूर्खापासून बचाव. १९६३मध्ये अराकावा बॉडीमध्ये एक कामगार स्त्री रडली, मी काय मूर्ख आहे का म्हणून. मग नाव बदलून पोका-योके, म्हणजे नकळत झालेल्या चुकीपासून बचाव. @थेट_मुद्दा यांच्यासाठी खास. 🙂

---

थेट_मुद्दा · गुरुवार, संध्याकाळी ५:४५

ताई, टोला पोचला. "घरी बसवा" मागे घेतो. कुलूप मात्र हवंच, निदान सेटिंगच्या स्क्रूला.

---

जुनाटूलरूम · गुरुवार, संध्याकाळी ७:३०

स्क्रूला कुलूप ठीक. आमच्याकडे सेटिंग झालं की स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका देतात. ठिपका फुटलेला दिसला की कोणीतरी हात लावलाय, विचारायचं.

---

पीएलसीवाली · शुक्रवार, सकाळी १०:००

@रात्रपाळी, यादी परत पाठवायच्या आधी एक करून बघा. मागच्या सहा महिन्यांचे ब्रेकडाऊन आणि रिजेक्शन काढा आणि प्रत्येकापुढे लिहा, हे किती आधी कळलं असतं तर वाचलं असतं, आणि कळून मशीनने काय करायला हवं होतं. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तिथे सेन्सर लावू नका. नुसती धोक्याची पिवळी खूण दाखवणारा सेन्सर आठवडाभरात फर्निचर होतो.

आयओ-लिंक (सेन्सर आणि कंट्रोलर यांच्यात दोन्ही बाजूंनी डेटा नेणारी जोडणी) घेताय का तेही बघा. साध्या तीन तारांच्या केबलवर, २० मीटरपर्यंत, शिल्डिंग लागत नाही. सेन्सर बदलला की जुनं सेटिंग मास्टरमधून (सेन्सर ज्याला जोडतात त्या मॉड्यूलमधून) आपोआप उतरतं. रात्री तीन वाजता सेन्सर बदलणाऱ्याला याचं मोल कळतं. फोटो सेन्सरची काच तेलाने धुरकट होत चाललीय हेही ते आधी सांगतात, कारण नुसतं हो-नाही न पाठवता सिग्नल किती दमदार आहे तेही पाठवतात. पण वेगवान तुकड्याच्या सिग्नलसाठी आयओ-लिंकवर विसंबू नका. तिथे साधी तार थेट वेगवान इनपुटला.

---

रात्रपाळी · तीन आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी १२:१०

धागा वर काढतो, हिशेब द्यायचा राहिलाय.

रकाने भरले. चाळीसमधले चारच उरले, आणि दोन यादीत नव्हतेच. स्ट्रिपरखाली दोन अॅनालॉग. पट्टीच्या टोकाला एक. तुकड्याची जुनी प्रॉक्सी तीच ठेवली, फक्त वेगवान इनपुटला घेतली आणि दर ठोक्याला बंद-चालूची अट घातली. डिस्ट्रिब्युटरच्या पिनवर एक. हायड्रॉलिक पंपावर कंपनाचा एक, बेअरिंगबुवांच्या नावाने.

पहिला दिवस वाईट गेला. स्ट्रिपरने सात वेळा मशीन थांबवलं, स्लग एकदाही नाही. साहेब येऊन उभे. कारण असं निघालं की सकाळी डाय थंड असते, तासाभराने गरम होते, तेल पातळ होतं, बसण्याची उंची थोडी सरकते. आम्ही मर्यादा थंड डायवर ठरवली होती. आता पहिल्या ठोक्यांची उंची आधार धरून प्रोग्रॅम हळू सरकणारा बदल सोडून देतो, एकदम आलेली उडी पकडतो. पॅनेलला एक वही टांगली आहे. मशीन थांबलं की ऑपरेटर त्यात खरं की खोटं एवढंच लिहितो. मी रोज सकाळी तीच आधी उघडतो.

गेल्या बुधवारी रात्री खरा आला. एक ठोका बसला, मशीन टॉपला जाऊन उभं. स्ट्रिपर उचलला, चकती पट्टीवर, तिच्यावर पंचाचा ठसा. पंच शाबूत. बारा मिनिटांत पुन्हा चालू. वहीत "खरं" आणि त्याखाली दोन रेघा. पंचाची इजेक्टर स्प्रिंग मेलेलीच होती, टूलरूमने बदलली.

वॉशरवाल्याने स्वतःच येऊन सांगितलं, मशीन विनाकारण थांबायचं म्हणून. नाव इथे लिहीत नाही.

एक त्रास उरलाय. स्ट्रिपरच्या एका सेन्सरची केबल दोनदा तुटली, सेन्सरच्या बुडाशीच. तेवढं सांगा.

---

वायरमन · रविवार, दुपारी १:००

तो सेन्सर हलणाऱ्या भागावर बसवलाय का?

---

रात्रपाळी · रविवार, दुपारी १:०५

एक खालच्या डायमध्ये आहे. तुटणारा स्ट्रिपरवर, खाली जागा नव्हती म्हणून.

---

वायरमन · रविवार, दुपारी १:२०

मिनिटाला ६० म्हणजे आठ तासांत २८,८०० वेळा ती केबल बुडाशी वाकते. कुठलीच टिकणार नाही. सेन्सर खाली आणा, हलणाऱ्या प्लेटला लोखंडी ठोकळा बसवा आणि सेन्सरला तो ठोकळा बघू द्या. खाली जागा नसेल तर टूलरूमकडून पॉकेट करून घ्या, तासाभराचं काम आहे. केबल बुडातून निघणारी नको, एम१२ कनेक्टरवाला सेन्सर घ्या. आणि डायच्या बाहेर येताना तिला स्क्रॅपच्या च्युटच्या दुसऱ्या बाजूने काढा. आता ती बहुतेक स्क्रॅपच्या बाजूलाच असेल.

---

रात्रपाळी · रविवार, दुपारी १:२५

स्क्रॅपच्या बाजूलाच आहे. उद्या सकाळी डाय उतरवतो.